उपग्रहांची दाटी आणि पिकांचीं चित्रें

बियाणें, खतें, पाटाचें पाणी आणि बाजारभाव यांची चर्चा या मासिकांत वाचण्याची ज्यांस संवय आहे, अशा आमच्या वाचकांस आजचा विषय पाहून थोडें नवल वाटेल. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या उपग्रहांची दाटी होऊन ते एकमेकांवर आदळण्याचें भय उत्पन्न झालें आहे, या वार्तेशीं नांगर धरणाऱ्याचा काय संबंध, असें कोणी विचारल्यास त्यास दोष देतां येणार नाहीं. परंतु संबंध आहे, आणि तो पुष्कळांस वाटतो त्याहून जवळचा आहे.

मृगाच्या सुमारास अरबी समुद्रावर ढग कोठवर आले हें सांगणारे इन्सॅट उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तेथें प्रत्येकाची जागा आंतरराष्ट्रीय संघटनेमार्फत नेमून दिलेली असल्यानें व्यवस्था बरी आहे. खरी दाटी आहे ती खालच्या थरांत. पिकांचीं चित्रें घेणारे उपग्रह तेथेंच फिरतात. सन २०१६ मध्यें सोडलेल्या आपल्या रिसोर्ससॅट-२ए ची कक्षा ८१७ किलोमीटरांवर, तर युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची ७८६ किलोमीटरांवर आहे. अशा चित्रांवरून दिल्लीचें महालनोबिस पीक अंदाज केंद्र लागवड व उत्पन्न यांचे अंदाज बांधतें. आणि पीकविम्याच्या भरपाईचा हिशेब करतांना कापणी प्रयोगाच्या जोडीला हा वरून काढलेला अंदाजही आतां धरला जाऊं लागला आहे. तेव्हां आपल्या मंडळांतील सोयाबीन गेलें कीं राहिलें, याचा एक साक्षीदार त्या उंचीवर फिरत असतो. त्याची वाट निर्वेध आहे काय, हें पाहणें आपलें काम आहे.

ती निर्वेध नाहीं, हें १० फेब्रुवारी २००९ रोजीं सिद्ध झालें. त्या दिवशीं सैबेरियाच्या उत्तर टोंकावर, सुमारें ७९० किलोमीटर उंचीवर, अमेरिकेंतील एका खासगी कंपनीचा टेलिफोनच्या कामाचा चालू उपग्रह इरिडियम-३३ आणि रशियाचा सन १९९३ मध्यें सोडलेला, परंतु केव्हांच निकामी झालेला कॉसमॉस-२२५१ हे एकमेकांवर आदळले. दोन अखंड उपग्रहांची अशी टक्कर पूर्वीं कधीं झालेली नव्हती. परस्परांच्या मानानें त्यांचा वेग सेकंदास अकरा किलोमीटरांहून अधिक होता. म्हणजे पुण्याहून मुंबईस पोंचण्यास दहा-बारा सेकंद पुरावे. दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले. बारीक तुकड्यांची गणती कोण करणार? येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हे दोन उपग्रह एकमेकांपासून अर्ध्या किलोमीटराहून थोडें अधिक अंतर राखून जातील, असा हिशेब आधीं मांडलेला होता. आणि त्या दिवशींच्या यादींत याहून जवळून जाणाऱ्या जोड्या आणखीही होत्या.

हिशेब चुकला तो अज्ञानानें नव्हे. जमिनीवरील रडार उपग्रहास अधूनमधून पाहतें आणि मधल्या काळांतील त्याचें स्थान गणितानें काढावें लागतें. एवढ्या उंचीवरही अतिविरळ हवा असते व ती उपग्रहास किंचित् मागें ओढते. सूर्यावर क्षोभ झाला म्हणजे ही हवा फुगते आणि ओढ वाढते. यामुळें चार दिवसांपुढचें स्थान सांगावयाचें तर शेंकडों मीटरांची, कधीं त्याहूनही अधिक चूक पडते. म्हणून जाणकार ‘टक्कर होईल’ किंवा ‘होणार नाहीं’ असें म्हणत नाहींत. दहा हजारांत एक एवढा संभव दिसला कीं पुष्कळ ठिकाणीं उपग्रह हलविण्याची तयारी करतात. हलविणें म्हणजे लहानसें इंजिन क्षणभर चालवून वेगांत सेकंदास कांहीं सेंटिमीटरांचा फरक करणें. तो पुरेसा आधीं केला म्हणजे नेमक्या वेळीं उपग्रह शेंकडों मीटर बाजूस सरकलेला असतो. पुढें त्यास मूळ वाटेवर आणावें लागतें. प्रत्येक वेळीं इंधन खर्चीं पडतें आणि इंधन संपलें कीं उपग्रहाचें आयुष्य संपलें. आपल्या भारतीय अंतराळ संशोधन संस्थेस, म्हणजे इस्रोस, सन २०२३ या एका वर्षांत २३ वेळां आपले उपग्रह असे बाजूस घ्यावे लागले. त्याच वर्षीं चांद्रयान-३ घेऊन जाणाऱ्या अग्निबाणाचें उड्डाण, वाटेंत कोणी आडवें येऊं नये म्हणून, चार सेकंदांनीं पुढें ढकललें होतें.

मोठ्या वस्तूंची ही कथा. लहानांची याहून बिकट. युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजाप्रमाणें दहा सेंटिमीटरांहून मोठ्या वस्तू ५४,००० च्या आसपास असून त्यांपैकीं सुमारें ४०,००० वर नियमित नजर ठेवतां येते. एक ते दहा सेंटिमीटरांचे तुकडे बारा लाखांच्या घरांत आहेत. हे बहुतेक दिसत नाहींत, पण यांतील एकच लागला तरी उपग्रह निकामी होऊं शकतो. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर व बर्टन कूर-पाले यांनीं सन १९७८ मध्येंच गणित मांडून दाखविलें होतें कीं, एका टक्करींतून झालेले तुकडे दुसरीस कारण होतील आणि पुढें नवीन कांहीं न सोडतांही संख्या वाढतच जाईल. गाजरगवत ज्यानें एकदां बांधावर बीं धरूं दिलें, त्यास हें वेगळें समजावून सांगावयास नको. त्यांतून ४००-५०० किलोमीटरांवरील तुकडा कांहीं वर्षांत आपोआप खालीं येऊन जळतो. आठशे किलोमीटरांवरचा शंभर वर्षेंही तेथेंच राहूं शकतो. पिकें पाहणारे उपग्रह नेमके याच दुसऱ्या थरांत आहेत.

आतां मुख्य प्रश्न: समोरासमोर आलेल्या दोहोंपैकीं वाट कोणीं द्यावयाची? समुद्रावरील जहाजांस याचे ठरलेले नियम आहेत. आकाशांत असा बंधनकारक नियम अद्यापि नाहीं. २ सप्टेंबर २०१९ रोजीं युरोपचा एओलस उपग्रह, जो वाऱ्याचें मापन करून हवामानाचे अंदाज सुधारण्यास मदत करीत असे, आणि अमेरिकेंतील स्पेसएक्स कंपनीचा स्टारलिंक-४४ यांची गांठ पडण्याचा संभव हजारांत एकाहून अधिक झाला. उभय पक्षांत पत्रव्यवहार झाला तो ई-मेलनें. संभव वाढल्याची पुढील सूचना निरोपाच्या यंत्रणेंतील दोषामुळें आमच्या माणसानें पाहिलीच नाहीं, असें कंपनीनें मागाहून सांगितलें. अखेर एओलस वर उचलावा लागला. पाटावर पाटकरी नाहीं आणि ज्याच्या त्याच्या सोईनें दारें उघडलीं जात आहेत, अशी ही स्थिति आहे. तींत टेलच्या शेतकऱ्याचे हाल काय होतात, हें वाचक जाणतातच. त्यानंतर स्टारलिंकचेच हजारों उपग्रह वर गेले. ते आपले आपण वाट बदलतात, आणि सन २०२५ च्या एका सहामाही अहवालांत असें लाखाहून अधिक वेळां घडल्याची नोंद आहे. हें कौशल्य खरें. परंतु दोघांनींही आपले आपण एकाच बाजूस वळावयाचें ठरविलें तर काय, याचें उत्तर कौशल्यांत नसून परस्परांच्या ठरावांत आहे.

मेलेल्या उपग्रहांपुढें तर ठरावही चालत नाहीं. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं अमेरिकेचा टाइम्ड आणि रशियाचा निकामी कॉसमॉस-२२२१ हे एकमेकांपासून वीस मीटरांहून कमी अंतरानें गेले. दोहोंपैकीं एकासही हलविण्याची सोय नव्हती. युरोपचा आठ टनांचा एन्व्हिसॅट एप्रिल २०१२ पासून मुका होऊन सुमारें ७७० किलोमीटरांवर पडून आहे. सन १९६७ च्या करारान्वयें वस्तु ज्या देशाची तिच्यावर मालकी त्याचीच राहते. त्याच्या संमतीवांचून दुसऱ्यानें तिला हात लावावयाचा नाहीं. भरपाईचा करार सन १९७२ चा आहे, पण आकाशांतील नुकसानीबद्दल दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागतो. मोकाट गुरास कोंडवाडा तरी असतो!

बुद्धिपुरःसर केलेली मोडतोड हा सर्वांत निंद्य प्रकार होय. चीननें जानेवारी २००७ मध्यें आपलाच जुना उपग्रह अस्त्रानें फोडला, त्याचे तीन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले. रशियानें १५ नोव्हेंबर २०२१ रोजीं तोच कित्ता गिरवून दीड हजारांची भर घातली. आपल्या देशानेंही २७ मार्च २०१९ रोजीं असा प्रयोग केला. तो तीनशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे बराच खालीं केल्यामुळें बहुतेक तुकडे थोड्या महिन्यांत जळून गेले, तरी कांहीं वर उडालेले मागें रेंगाळले, हेंही सांगणें प्राप्त आहे. तसेंच डिसेंबर २००१ मध्यें आपल्या एका अग्निबाणाचा रिकामा झालेला चौथा टप्पा उरलेल्या इंधनामुळें फुटला आणि तीनशेंहून अधिक तुकडे झाले. इस्रोनें त्यावरून धडा घेतला व पुढें काम संपतांच उरलेलें इंधन सोडून देण्याची पद्धति घातली.

बंगळूर येथें या कामासाठीं सन २०२२ मध्यें स्वतंत्र केंद्र उघडलें असून, सन २०३० पर्यंत भारतीय मोहिमांतून आकाशांत भंगार राहूं द्यावयाचें नाहीं, असा संकल्प एप्रिल २०२४ मध्यें जाहीर झाला आहे. काम झालेला उपग्रह खालीं आणण्यास पूर्वीं पंचवीस वर्षांची सवलत असे. अमेरिकेंत आपल्या परवान्यांसाठीं ती सन २०२२ मध्यें पांच वर्षांवर आणण्याचें ठरलें. पण खालीं उतरण्यासही इंधन लागतें. जानेवारी २००७ मध्यें सोडलेला कार्टोसॅट-२ सुमारें ६३५ किलोमीटरांवर होता. आपोआप पडण्यास त्यास तीसएक वर्षें लागलीं असतीं. शिल्लक इंधन खर्चून तो ३८० किलोमीटरांपर्यंत खालीं आणला आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजीं तो हिंदी महासागरावर जळाला. आठशे किलोमीटरांवरील उपग्रहास तर उतरण्यासाठीं याहून अधिक इंधन राखावें लागतें. त्या इंधनावर कदाचित् आणखी एका हंगामाचीं चित्रें मिळालीं असतीं. तीं न घेतां, यंत्र धडधाकट असतांनाच तें उतरवावें लागतें.