परमा : अंगावर काढू नये असे दुखणे

या पानावर आम्ही ऊस, खत, पाण्याचे लिहितो. आज जरा संकोचाचा विषय आहे, राग नसावा.

परमा हा जंतूंपासून होणारा रोग. हे जंतू 1879 साली नैसर या जर्मन डॉक्टरांनी शोधले. शरीरसंबंधातून ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. पुरुषाला बहुधा आठवडाभरात लघवीला आग होते, पू येतो. बाईला मात्र पुष्कळदा काहीच कळत नाही. हुमणीसारखेच बघा! वर ऊस हिरवागार, खाली मुळ्या कुरतडलेल्या. पुढे गर्भनलिका बंद होऊन मूल राहत नाही, आणि बोल लागतो तो बाईलाच.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात आकडे आले. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग वा गुप्तरोग, आणि आधी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के. सगळ्या परम्याच्या नव्हेत. पण सोसत राहण्याची रीत आपल्या नाशिककडेही काही वेगळी नाही.

परमा बरा होतो. मात्र पेनिसिलिनला हे जंतू आता दाद देत नाहीत, म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. जिल्हा रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी व औषध मोफत मिळते, नावही गुप्त राहते. नवरा-बायकोने औषध एकाच वेळी घ्यावे. एकट्याच्या वावरात औषध टाकले तर शेजारच्या बांधावरून हुमणी परत येतेच ना? गरोदर बाईने तर चालढकल करूच नये. बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना लागण होते. आणि कारभाऱ्यांनी आधी स्वतः जावे, मालकिणीला एकटीला पुढे धाडू नये.