यादीबाहेरचा वारसा

ओडिशाच्या एकाच किनाऱ्यावरील दोन देवस्थानांचे नशीब मात्र वेगवेगळे आहे. कोणार्कचे सूर्यमंदिर १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. खाऱ्या वाऱ्याने झिजणाऱ्या त्याच्या दगडांची काळजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण वाहते. केंद्रपाडा जिल्ह्यातील सातभायाच्या पंचुबाराही देवीला असा वाली नव्हता. किनाऱ्याची धूप तेथे जुनीच. समुद्राच्या वाढत्या पातळीने तिला बळ दिले. सात गावांपैकी बहुतेक गावे पाण्यात गेली आणि २०१८ मध्ये देवीच्या पाच मूर्ती बागपाटियाच्या पुनर्वसन वसाहतीत हलवाव्या लागल्या.

या देवीच्या पूजेचा मान मच्छीमार कुटुंबांतील विवाहित दलित स्त्रियांचा. पुरुषांनी मूर्तींना स्पर्श करू नये, असा प्रघात. अवजड मूर्ती उचलताना तो मोडावा लागला. मूर्ती वाचल्या, परंतु वारसा तेवढाच होता काय?

दिल्लीच्या कारभारात या प्रश्नाला जागाच नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा वास्तू आणि स्थळ जपतो. पूजेचा अधिकार किंवा गावाची स्मृती त्याच्या कक्षेत येत नाही. स्मारके सांस्कृतिक मंत्रालयाकडे, आपत्ती गृह मंत्रालयाकडे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनार्थ एक हजार कोटी रुपयांची शिफारस केली, हे पाऊल महत्त्वाचेच होते. तथापि पुनर्वसन म्हणजे घर आणि भूखंड, एवढाच अर्थ प्रशासनात रुजलेला आहे.

२०२३ च्या दुबई हवामान परिषदेत सांस्कृतिक वारशाचे रक्षण हे अनुकूलनाच्या जागतिक उद्दिष्टांत समाविष्ट झाले आणि त्यासाठी स्थानिकांच्या पारंपरिक ज्ञानाचा आधार घेण्याचेही ठरले. जागतिक व्यासपीठावर हवामान न्यायाचा आग्रह धरणाऱ्या भारताने तो न्याय देशांतर्गतही लावणे क्रमप्राप्त आहे. तापमानवाढीत ज्यांचा वाटा नगण्य, त्यांचीच दैवते आधी बुडत आहेत.

यासाठी नव्या मंत्रालयाची गरज नाही. पुनर्वसनाच्या आराखड्यात घरांबरोबर देवस्थान, स्मशान, जत्रा आणि मानकरी यांची नोंद गाव उठण्यापूर्वीच व्हावी. काय न्यायचे, काय सोडायचे आणि कोणी उचलायचे, याचा निर्णय ग्रामसभेने व पूजेचा अधिकार असलेल्या स्त्रियांनी घ्यावा; खर्च शासनाने उचलावा. कोणार्कच्या रक्षणावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो यादी कोण करते याचा.