शाळा ते डॉक्टर: मधला माणूस कुठंय?

मी मूळचा अंबडचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. दहावीत माझ्या बाकावरचा मित्र अचानक गप्प झाला. डबा तसाच परत न्यायचा, रात्री झोप लागत नाही म्हणायचा. सरांच्या लक्षात आलं. त्यांनी वडिलांना बोलावून सांगितलं, ‘जालन्याला डॉक्टरला दाखवा एकदा.’ वडील ‘हो’ म्हणाले आणि सोयाबीन काढायला गेले. पुढं कुणी विचारलंच नाही. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही.

म्हणजे मेसेज गेला, पण डबल टिक आली नाही. ती डबल टिक आणणारा माणूस, म्हणजे शाळा आणि मानसिक आरोग्यसेवा यांच्यातला दुवा, हा आजचा विषय.

त्याची कामं तीन. एक, सरांना जे दिसलं, म्हणजे झोप, जेवण, गैरहजेरी, ते डॉक्टरपर्यंत नीट पोचवणं. दोन, घरच्यांशी बोलून तारीख ठरवणं, लागलं तर सोबत जाणं. तीन, शाळेत परत येऊन ‘याला आता काय मदत लागेल’ एवढंच सांगणं. तेही संमतीनं, आजाराची चर्चा न करता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ही गोपनीयता हक्क म्हणून दिलीय.

आपल्याकडे काय आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत ठरले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीममध्ये सामाजिक कार्यकर्त्याचं पद आहे. आपल्या दुव्याच्या सगळ्यात जवळचं हेच. पण जालना जिल्ह्यात तालुके आठ! एक माणूस किती शाळांत पोचणार? म्हणून चिठ्ठी देताना सरांनीच वहीत तारीख लिहावी: ‘पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचं.’ आणि तुम्हाला किंवा मित्राला जड जात असेल, तर टेलिमानसचा नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

नवरात्रात तो मित्र मत्स्योदरीच्या पायऱ्यांवर भेटला. म्हणाला, ‘तेव्हा कुणी सोबत आलं असतं ना, तर गेलो असतो रे.’

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर आज फोन करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.