रस्ता रुंद, डबा लहान

मुलांनो, ‘महासंगणक’ हा शब्द वर्गात शिकवत होतो तेव्हा तुमच्यापैकी एकाने आम्हाला विचारले, “आमच्या घरचे इंटरनेट एवढे वेगवान आहे, मग शास्त्रज्ञांना वेगळे जाळे कशाला लागते?” प्रश्न फार चांगला होता. घाईघाईने उत्तर देण्यापेक्षा ते या अंकात सविस्तर द्यावे, असे आम्ही ठरवले.

आधी ‘ग्रिड’ म्हणजे काय ते पाहू. समजा, गणपतीसाठी १००१ मोदक करायचे आहेत. एका स्वयंपाकघरात ते होणे कठीण. मग जुराँगच्या काकू सारण करतात, टँपिनीसच्या मावशी उकड काढतात आणि वुडलँड्सच्या घरी मोदक वळले जातात. घरे अनेक, काम एकच! दूरदूरच्या संस्थांमधले संगणक असेच जोडून एखादे मोठे गणित सोडवतात, त्याला ग्रिड म्हणतात. पण सारण वेळेवर पोचले नाही, तर वळणारे हात रिकामे बसतात. संगणकांचेही तसेच होते. आणि वादळाचा अंदाज वादळ येऊन गेल्यावर हाती आला, तर त्याचा काय उपयोग?

ही अडचण आपल्या पुण्यातल्या शास्त्रज्ञांना चांगलीच ठाऊक होती. १९८० च्या दशकात भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळाला नाही. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार केला. एकच राक्षसी यंत्र बांधण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकत्र कामाला लावायचे, ही त्यामागची युक्ती. पण अनेकांनी मिळून काम करायचे म्हटले, की त्यांनी एकमेकांशी बोलायचे कसे, हा प्रश्न आलाच. म्हणून १९९८ च्या ‘परम १००००’ साठी सी-डॅकने ‘परमनेट’ हे स्वतःचे जाळे बनवले. त्याच्या प्रत्येक जोडणीतून दोन्ही दिशांना सेकंदाला ४०० मेगाबिट माहिती जाई. पुढच्या ‘परम पद्म’मध्ये हा वेग २.५ गिगाबिटवर गेला.

हे झाले एका खोलीतले जाळे. त्यानंतर सी-डॅकने ‘गरुड’ हा भारताचा ग्रिड उभारायला घेतला. त्याच्या पहिल्या टप्प्यात १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या गेल्या. आता मध्ये आले अंतर, आणि इथेच खरी गंमत आहे.

चला, थोडे गणित करू. सिंगापूर ते पुणे हे अंतर साधारण ४,००० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे सरळ तार असली तरी निरोप जायला २० आणि उत्तर यायला २० मिलिसेकंद लागतील. एकूण ४०, म्हणजे एका सेकंदात २५ फेऱ्या.

इंटरनेटचा मूळ नियम असा होता, की एका वेळी जास्तीत जास्त ६४ किलोबाइट पाठवायचे आणि ‘पोचले’ असा निरोप आल्यावरच पुढचे सोडायचे. २५ फेऱ्यांत जेमतेम १.६ मेगाबाइट जातात. आता रस्ता सेकंदाला १० गिगाबिटचा, म्हणजे १,२५० मेगाबाइटचा असला, तरी आपण पाठवणार १.६ च! पी.आय.ई.सारखा रुंद रस्ता मोकळा, आणि त्यावर एकटा स्कूटरवाला सारणाचा एक छोटा डबा घेऊन ये-जा करतो आहे, तशातली गत. रस्ता आणखी रुंद करून काही फायदा नाही. डबा मोठा हवा.

किती मोठा? ४० मिलिसेकंदांत त्या रस्त्यावर मावेल तेवढा, म्हणजे ५० मेगाबाइट. मोठ्या डब्याची सोय इंटरनेटच्या नियमांत १९९२ मध्ये झाली.

दुसरा उपाय सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी करून दाखवला. ‘इन्फिनिबँड’ हे एरवी एका खोलीतल्या संगणकांना जोडणारे जाळे. पंगतीतला चांगला वाढपी पानात जागा पाहूनच वाढतो, तसे हे जाळे पलीकडे जागा असेल तेवढीच माहिती सोडते. त्यामुळे काही सांडत नाही. पण पलीकडचे टोक हजारो किलोमीटर दूर असले, तर ‘जागा आहे’ हा निरोप यायलाच वेळ लागतो. म्हणून दोन्ही टोकांना मोठी साठवण असलेल्या पेट्या बसवायच्या. २०१४ मध्ये ‘ए-स्टार’ या संस्थेच्या ‘इन्फिनिकॉर्टेक्स’ प्रकल्पाने असे जाळे सेकंदाला १०० गिगाबिटच्या मार्गाने थेट अमेरिकेपर्यंत नेले.

तिसरा उपाय म्हणजे राखीव रस्ता. युरोपातील ‘सर्न’ या प्रयोगशाळेने आपल्या ग्रिडच्या मुख्य केंद्रांपर्यंत फक्त या कामापुरते मार्ग ठेवले आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही या ग्रिडमध्ये आहे.

मात्र एक गोष्ट कोणालाच जमत नाही. ते ४० मिलिसेकंद कमी करता येत नाहीत, कारण काचेच्या तंतूतून प्रकाशाला याहून जोरात पळवता येत नाही. म्हणून कामाची वाटणीच शहाणपणाने करावी लागते. ज्यांना एकमेकांशी सारखे बोलायचे असते ती कामे एकाच खोलीत ठेवायची, आणि स्वतंत्रपणे होणारी कामे दूर पाठवायची. उकड गरम असतानाच मोदक वळावे लागतात, म्हणून उकड आणि वळणे एकाच घरी. सारण मात्र खुशाल लांबून येऊ द्या!

तर आपल्या प्रश्नकर्त्या मित्रा, घरचे इंटरनेट आजीशी गप्पा मारायला उत्तम आहे. ग्रिडचे काम वेगळे, म्हणून त्याचे जाळेही वेगळे विणावे लागते.

घरचा अभ्यास: अंतर १६,००० किलोमीटर आणि रस्ता १० गिगाबिटचा असेल, तर डबा केवढा लागेल? आईबाबांनी आधी सांगू नये!

शब्दार्थ: साठवण – साठवून ठेवण्याची जागा. वाढपी – पंगतीत जेवण वाढणारा. राखीव – एकाच कामासाठी बाजूला ठेवलेले.