एनसीव्ही ‘नॉर्मल’, तरीही जीबीएस?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांतून पायांतली ताकद गेलेले रुग्ण एकामागोमाग पुण्यातील रुग्णालयांत येऊ लागले. अनेकांना आधी जुलाब झाले होते. काही दिवसांनी पायांना मुंग्या आल्या आणि जिना चढणे अवघड झाले. आजार होता गुलियन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि ‘एनसीव्ही’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

मज्जातंतूमधून विजेचा संदेश किती वेगाने जातो, हे ही चाचणी मोजते. मनगटाजवळ किंवा घोट्याजवळ विजेचा हलका झटका देतात. स्नायूवर चिकटवलेली पट्टी त्याचा प्रतिसाद टिपते. निरोगी हातात हा वेग सेकंदाला साधारण ५० मीटरच्या, तर पायात ४० मीटरच्या वर असतो. वायरवर प्लास्टिक असते, तसे मज्जातंतूवर मायलिनचे आवरण असते. ते खराब झाले की वेग मंदावतो. आतल्या तारेलाच इजा झाली, तर वेग फारसा घटत नाही, पण प्रतिसाद क्षीण होतो. जीबीएस यापैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे यावरून कळते.

मात्र पहिल्या काही दिवसांत अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. बिघाड यंत्राला दिसण्याइतका वाढायला वेळ लागतो. म्हणून एक-दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. स्नायूत बारीक सुई घालून होणाऱ्या ईएमजीत तर बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

त्यामुळे निदानात रुग्णाची तपासणी पहिली. वाढत जाणारा अशक्तपणा आणि गुडघ्यावर हातोडी मारूनही न उडणारा पाय, ही चिन्हे महत्त्वाची. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत अधिक उपयोगी पडतात. केवळ अहवालासाठी ते लांबवू नयेत.

चाचणीला उपाशीपोटी जावे लागत नाही. त्या दिवशी अंगाला तेल-मलम लावू नये. पेसमेकर असेल तर आधी सांगावे. थंडीत हातपाय गार असतील तर वेग उगाच कमी दिसतो. ते आधी उबदार करून घ्यावेत.

हातापायांतली ताकद दिवसागणिक कमी होत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर हातातला ‘नॉर्मल’ अहवाल पाहून घरी थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.