वैनगंगेच्या काठी, जुन्या तटाखाली

पौष-माघाच्या थंडीत मुलाबाळांसह कच्छच्या रणात जावे, राहुट्यांत दोन रात्री काढाव्यात आणि हडप्पा संस्कृतीतील धोलावीरा नगरीचे भग्नावशेष डोळे भरून पाहावेत, असा प्रघात अलीकडे आपल्या साकोली-भंडाऱ्याकडील कुटुंबांतही पडू लागला आहे, आणि तो सर्वथा स्तुत्य होय. कारण २०२१ साली जागतिक वारसास्थळ ठरलेली ती नगरी प्रत्येक भारतीयाने एकदा पाहावीच. परंतु ज्या जगत्पती जोशींनी १९६७-६८ च्या सुमारास धोलावीरा प्रथम प्रकाशात आणले, त्यांनीच लगोलग १९६९-७० मध्ये, नागपूर विद्यापीठाच्या शांताराम भालचंद्र देवांसमवेत, आपल्याच जिल्ह्यातील पवनी येथे उत्खनन केले, ही गोष्ट रणातून परतलेल्या किती जणांच्या कानी असते? मला ही अनास्था खरोखर सलते.

साकोलीहून सानगडी, लाखांदूर करीत वैनगंगा ओलांडली की पवनी येते. धान कापून मोकळी झालेली एखादी बांधी मालकाच्या परवानगीने मुक्कामाला मिळाली, तर तिच्यासारखी जागा नाही: जमीन कोरडी, तलावाचे पाणी हाकेच्या अंतरावर, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर रोडगे भाजत असताना लहानथोर सर्वांना पुरेल एवढे आकाश. साप-विंचवाच्या भयास्तव राहुटीचे तोंड रात्री बंद असावे आणि सकाळी जोडे झाडूनच पायांत घालावेत, एवढा बंदोबस्त पुरतो.

पवनीचे प्रथमदर्शन तटाचेच घ्यावे. गावाला तीन बाजूंनी मातीचा प्रचंड तट आणि त्याबाहेर खंदक, तर चौथ्या बाजूला वैनगंगेची उंच दरड, अशी ही रचना आहे. जेथे पावसाच्या पाण्याने तटाला घळ पाडली आहे तेथे मुलांना उभे करून माती वाचावयास शिकवावे. वरच्या थरात अलीकडची कौले नि विटांचे तुकडे, त्याखाली पिवळसर भरावाची माती, आणि मध्येच एखादी आतून काळी, बाहेरून तांबडी खापरी. भाजताना भांडे पालथे घातले की आतल्या भागाला हवा लागत नाही व तो काळा पडतो, बाहेरचा तांबडा भाजतो. एवढे सांगितले की त्या क्षुद्र तुकड्यामागे एक कुंभार आणि त्याची भट्टी उभी राहते.

गावाजवळची जगन्नाथ टेकडी ही वस्तुतः एका बौद्ध स्तूपाचा अवशेष आहे, आणि तोही सांचीच्या महास्तूपाहून व्यासाने थोडा मोठाच. इसवी सनापूर्वीच्या शतकांत येथे त्याच्याभोवती दगडी वेदिका, म्हणजे कठडा, उभी होती आणि तिच्या खांबांवर दान करणाऱ्या स्त्रीपुरुषांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. सम्राटांनी राज्ये जिंकली, पण हा स्तूप सजवला तो सामान्य उपासकांनी, असे या नावांवरून मला वाटते. येथील एका शिल्पात मुचलिंद नागराज आपला फणा पसरून आहे, आणि फण्याखाली बुद्धाची मूर्ती नसून केवळ रिकामे आसन आहे. त्या काळी बुद्धाचे मनुष्यरूपात अंकन करण्याची रीत नव्हती. पावसात ज्याच्यावर नागाने छत्र धरले तो आसनावर आहेच, असे पाहणाऱ्याने मनाने जाणावयाचे. मुलांना या शिल्पाचे चित्र आधी दाखवून मग टेकडीवर न्यावे.

पवनीतच महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला छायास्तंभ सापडला. पश्चिमेकडील क्षत्रपांचे नाव वैनगंगेच्या तीरी कसे आले, हा प्रश्न त्यामुळे इतिहासज्ञांपुढे उभा राहिला. तो स्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आहे. परतताना एक दिवस तेथे द्यावा.

आता कायद्याची बाब. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत राहुटी ठोकणे, चूल पेटविणे वा जमीन उकरणे यांस मुळीच मुभा नाही. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा आहे. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याकडे वर्दी दिली पाहिजे, हे तर १८७८ पासून बंधनकारक आहे. तथापि माझा आग्रह कायद्याच्या पलीकडचा आहे. खापरी ज्या थरात पडली आहे त्या थरामुळेच तिचा काळ कळतो. खिशात घालून घरी नेलेली खापरी पुढील संशोधकाला काहीच सांगू शकत नाही.

रणाचा बेत अवश्य आखा; परंतु त्याआधी यंदाच्या हिवाळ्यात एक शनिवार-रविवार पवनीसाठी राखून ठेवा, मुलांना वही-पेन्सिल द्या, आणि दिसेल ते रेखाटून जागच्या जागी ठेवावयास सांगा.