केळीच्या मुलखात पोटॅशियमचा हिशेब

तापीकाठच्या रावेर तालुक्याची ओळखच केळीवर उभी असल्यामुळे हृदयाच्या गोळ्या सुरू झालेल्या इथल्या घरात ‘आता केळी बंद का?’ हा प्रश्न उठणे स्वाभाविक आहे. शंभर ग्रॅम केळ्यात सुमारे 350 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. हृदयाचे ठोके नियमित पडण्यासाठी हा क्षार आवश्यक असला, तरी रक्तातील त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण 3.5 ते 5 मिलिमोल एवढ्याच मर्यादेत राहावे लागते.

जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली करतात. रामिप्रिल किंवा टेलमिसार्टन या औषधांनी ते संप्रेरक कमी स्रवते, तर स्पायरोनोलॅक्टोन त्याचा परिणामच अडवते, त्यामुळे अशी दोन औषधे एकत्र आली की पोटॅशियम साचू शकते. तरीही ही जोडी चुकीची नव्हे: 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1,663 रुग्णांवरील ‘रेल्स’ चाचणीत हृदय दुबळे झालेल्यांच्या नेहमीच्या उपचाराला स्पायरोनोलॅक्टोनची जोड दिल्यावर मृत्यूचा धोका 30 टक्क्यांनी घटला. मात्र हीच जोडी सर्रास वापरात आल्यावर कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात अशा वृद्ध रुग्णांना पोटॅशियम वाढल्याने रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण 1994 मधील हजारी 2.4 वरून 2001 मध्ये 11 वर गेले.

याचे खापर केळ्यावर फोडणे सोपे आहे, पण मूत्रपिंडे धड असतील तर एखाद्या केळ्याने सहसा बिघडत नाही. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी अधिक घातक ठरू शकते, कारण ती मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटवते. वैशाखातल्या उन्हात शरीरातले पाणी आटले असेल तर धोका आणखी वाढतो. रक्तदाबासाठी चांगले म्हणून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. वाढलेले पोटॅशियम बऱ्याचदा कोणतेही लक्षण दाखवत नाही, म्हणूनच ही औषधे सुरू केल्यावर वा मात्रा बदलल्यावर डॉक्टर आठवड्या-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारा घटक, तपासायला सांगतात. घाबरून गोळ्या मनानेच बंद करणे हाही उपाय नव्हे.

फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळीची गोष्ट उलटी आहे. तिच्यामुळे पोटॅशियम निघून जाते, आणि ते फार उतरले तर सोबतच्या डिगॉक्सिनची नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन हृदयरुग्णांना केळ्याबाबत परस्परविरुद्ध सल्ला मिळाला, तरी दोघांचेही डॉक्टर बरोबर असू शकतात.